जावईबापूंचा उपवास

जावई आणायच्या वयात आमच्या मुलीनं घरी अजगर आणला.

अजगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शेळीबिळी गिळणारं काहीतरी येतं. तसला नव्हे. हा बॉल पायथन, मूळचा आफ्रिकेतला. हातभर लांब, अंगानं गुबगुबीत, तपकिरी रंगावर पिवळट ठिपके. विष नाही, फणा नाही. घाबरला की स्वतःचाच चेंडू करतो आणि डोकं आत लपवतो. मुलीच्या ऑफिसातली मैत्रीण परदेशी निघाली होती, तिचा हा. आपल्याकडचे साप पाळणं गुन्हा आहे, पण हा परदेशी, सरकारदरबारी नोंद झालेला, सगळं रीतसर. मुलीनं हौसेनं तो आपल्या नावावर करून घेतला आणि लागलीच तिची बदली बंगळुरूला झाली. तिथल्या पीजीवाल्या बाईनं मांजरसुद्धा चालणार नाही म्हणून सांगितलं. मग काय, आई आहेच भाईंदरला, इंद्रलोक नावाच्या वसाहतीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊन बसलेली!

"अगं आई, थोडे महिनेच. तिथे घर मिळालं की घेऊन जाते. आणि तुला काहीच करायचं नाहीये, बाबा बघतील."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी तिच्याकडे पाहिलं, तर तिनं नजर चुकवली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीनं नुसता साप आमच्या गळ्यात मारला नव्हता, बापासाठी काहीतरी शोधून आणलं होतं.

आमचे हे ड्राफ्ट्समन होते. एका इंजिनीअरिंग कंपनीत आयुष्यभर नकाशे काढले. कॉम्प्युटर आला तरी ह्यांच्या हातची रेघ बघायला साहेबलोक टेबलापाशी येऊन उभे राहायचे, असं हेच सांगतात, पण खोटं नसावं. घरात खिळा ठोकायचा असला तरी आधी भिंतीवर पेन्सिलीनं अशी रेघ मारणार, की वाटावं खिळा नको, रेघच राहू दे. आणि नेमका त्याच हाताला कंपवात झाला. उजवा हात सारखा थरथरतो. गोळ्या चालू आहेत, चालणं-फिरणं ठीक आहे, पण माणूस आपल्याच हातावर रुसून बसला. खाली गेटपाशी मित्रांचा कट्टा होता, तिथे जाणं बंद. लग्नकार्यं बंद. कोणी घरी आलं की हात खिशात, नाहीतर उशीखाली. एकदा मी म्हटलं, "अहो, हात हलतो, चारित्र्य नाही हलत!" तर न हसता उठून बाल्कनीत गेले.

मी फटकळ आहे, मान्य. पण मनातून माझा जीव खालीवर व्हायचा. ज्या माणसानं आयुष्यभर मला बडबडून भंडावून सोडलं, तो दिवसातून दोनचार शब्द बोलायला लागला होता. आजार काय, डॉक्टर बघतील. पण माणूस आतून बंद होत चालला, तर त्याला कुठली गोळी आणायची?

तर जावईबापू आले. हे नाव मीच ठेवलं. मुलीनं कपाळावर हात मारला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

घर लावायला मुलगी शनिवार-रविवार राहिली. आतल्या खोलीत काचेची मोठी पेटी. तळाला नारळाच्या सोडणांचा भुसा. एका बाजूला खालून गरम ठेवणारी चटई, दुसरी बाजू गार, म्हणजे त्याला हवं तिथे जाऊन बसता यावं. दोन्हीकडे लपायला एकेक फुटकी कुंडी पालथी घातलेली, आणि बुडता येईल एवढं पाण्याचं भांडं. कुंड्यांच्या फुटक्या कडा ह्यांनी सँडपेपरनं घासून गुळगुळीत केल्या. डाव्या हातानं. मी दारातून बघितलं आणि काही बोलले नाही. मला न बोलणं म्हणजे काय पडतं, ते माझं मला माहीत.

मग मुलीनं नियम सांगितले. पहिले काही दिवस त्याला हात लावायचा नाही. काचेवर टकटक करायची नाही. टीव्हीचा आवाज मोठा करायचा नाही. सारखं डोकावून बघायचं नाही, आणि दाखवायला माणसं तर मुळीच आणायची नाहीत. "नवी जागा आहे ना आई. आपल्याला कोणी बघत नाहीये असं वाटलं, की मगच तो निवांत होईल."

"वा रे वा! आमच्या वेळी नवी सून घरात आली की अख्खी चाळ बघायला यायची, तेव्हा हे कोणाला नाही सुचलं!" मी म्हटलं खरं, पण कपाटातून माझी जुनी सुती साडी काढून तीन बाजूंनी काचेवर टाकली. सुनेचं राहिलं, निदान जावयाचं तरी होऊ दे.

मुलगी गेली आणि घरात जे झालं, त्याची मला कल्पना नव्हती. हे सकाळी उठून आधी आतल्या खोलीत जाऊ लागले. चटई किती तापली बघ, भुशावर पाणी शिंपड, भांड्यातलं पाणी बदल. हळूहळू तिथे खुर्ची गेली. मग पेपर गेला. मग एके दिवशी म्हणाले, "चहा आतच दे." मी कप नेऊन ठेवला आणि बाहेर आले. दाराच्या फटीतून बघते तर कप उजव्या हातात! निम्मा चहा बशीत, थोडा लेंग्यावर, पण माणूस आरामात पीत होता. त्या खोलीत त्यांचा हात बघणारं कोणीच नव्हतं. जावईबापू कुंडीखालून नाकाचा शेंडा तेवढा बाहेर काढून बसलेले. आणि हे त्यांना जुन्या ऑफिसातल्या कुठल्याशा साहेबाची गोष्ट सांगत होते, तीच, जी ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून रडले. बरं वाटलं म्हणून रडले.

आता खाण्याचं.

साप रुळला की त्याला जेवायला द्यायचं. त्याचं जेवण म्हणजे मेलेला, गोठवलेला पांढरा उंदीर. तो थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून घरपोच येतो, हे मला या वयात कळलं. आमच्या फ्रीजरमध्ये बोंबलांशेजारी आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात हे उंदीर, आणि डब्याला वरून चिकटपट्टी. कारण आमची बिल्डिंग. मुंबई सोडून इकडे राहायला आलो तेव्हापासून आमच्या मजल्यावर आम्हीच काय ते मासे खाणारे. बाकी सगळे गुजराती, मारवाडी, जैन. आल्या आल्या कोणीतरी वॉचमनकरवी निरोप पाठवला होता, "बास आता है." मला असा राग आला! पण भांडले नाही. मी मनाशी पैजच घेतली, की वास म्हणून बाहेर जाऊ द्यायचा नाही. उत्तनची कोळीण गेटपाशी आली की मासे पिशवीवर पिशवी घालून वर आणायचे. बाथरूमशेजारच्या मोरीत धुवायचे, लिंबू चोळायचं, हळद-मीठ लावून ठेवायचं, पुन्हा धुवायचं, पाणी फिनेल टाकून सोडायचं, खिडकी लावून तळायचं, वर उदबत्ती. इतकी वर्षं झाली, पुन्हा कोणाचा निरोप आला नाही. वास मारण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

मुलीनं फोनवर समजावलं होतं की उंदीर आदल्या दिवशी खाली काढून ठेवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट करायचा, कोरडा करायचा आणि लांब चिमट्यात धरून पेटीत द्यायचा. मी हो हो म्हटलं. पण फ्रीजरमधून काही बाहेर आलं की माझे हात काय मला विचारतात होय? आणि उंदीर तो उंदीर. त्याचा वास मजल्यावर गेला तर या वेळी वॉचमन नाही, सेक्रेटरी येईल. लावलं लिंबू, लावली हळद, धुतला स्वच्छ, पुसला कोरडा. पाहुण्याला द्यायचं ते साफच द्यायला हवं.

चिमटा धरायचा होता ह्यांनी. मी पेटीच्या जवळ जाणं शक्यच नव्हतं. हात लांब केला की थरथर जास्तच होते, पण त्या संध्याकाळी ह्यांनी आपणहून चिमटा घेतला आणि उंदीर कुंडीच्या तोंडाशी नेला.

"हा पिवळा का दिसतोय?"

"बल्बच्या उजेडात दिसतोय तसा. तुम्ही द्या हो!"

जावईबापूंनी नाक पुढे काढलं. जीभ दोनदा लवलवली. आणि डोकं आत. पुन्हा नेला, पुन्हा डोकं आत. शेवटी उंदीर टाकून द्यावा लागला.

मुलगी म्हणाली, होतं असं, ही जात खाण्याच्या बाबतीत नखरेल असते, आठवड्यानं पुन्हा द्या. पुन्हा दिला. मी पुन्हा लिंबू, पुन्हा हळद, आणि जावईबापू पुन्हा आत. त्यानंतरही तेच. चटई बघितली, भुसा बदलला, साडीवर दुसरी साडी टाकली. सापांचं कळणारा डॉक्टर मुलीनं गाठला, त्यानं फोटो बघून सांगितलं की आजारी वाटत नाही, पण आता खायला हवा. दिवसेंदिवस तो गुबगुबीत अंगानं उतरत चालला. पाठीचा कणा वर दिसायला लागला.

आणि एका संध्याकाळी, जावईबापूंनी नेहमीप्रमाणे तोंड फिरवल्यावर, ह्यांनी चिमटा खाली ठेवला.

"माझ्या हातामुळे होतंय हे," म्हणाले. "हात असा थडथड हलतो, तो बिचारा घाबरतो. जनावराला कळतं."

"काहीतरीच काय बोलताय?"

"सांग पोरीला. म्हणावं, ज्याच्याकडे धड माणूस आहे त्याला देऊन टाक. माझ्याकडे राहिला तर मरेल."

एवढं बोलून हात खिशात घालून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आली. पेपर बाहेर आला. चहा मी आत नेऊन ठेवला तर तसाच गार झाला. मुलगी फोनवर रडली, पण शेवटी तिनंही वसईच्या एका माणसाशी बोलणं केलं. त्याच्याकडे असे साप होते. रविवारी येऊन घेऊन जाणार होता. मला सापाचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू, पण खरी धास्ती वेगळीच होती. तो पेटीतला गेला की हा माणूसही गेला, आणि या वेळी परत यायचा नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

शुक्रवारी समोरच्या बेन खाकरे घेऊन आल्या. समोरच्या बेन म्हणजे आमच्या दारासमोर दार असलेल्या जैन बाई, माझ्याच वयाच्या. बोलणं चांगलं, येणंजाणं बेताचं. मनात माझा संशय कायम, की वॉचमनकरवी तो निरोप पाठवला होता तो यांनीच. त्या दिवशी माझा चेहरा बघून म्हणाल्या, "क्या हुआ बेन? भाईसाब की तबियत?"

मला राहवलं नाही. बोलून गेले, घरात साप आहे म्हणून. म्हटलं आता किंचाळतील, खाकरे टाकून पळतील. तर त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "दर्शन करूँ?"

आत जाऊन लांबूनच हात जोडले. "खाता क्या है?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "कुछ भी नहीं खाता, बेन. आया तब से कुछ नहीं खाया।" निदान ते तरी शंभर टक्के खरं होतं.

बेनचे डोळे मोठे झाले. "तप करे छे!" त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि पुन्हा हात जोडले. "तपस्वी शाता में है ना?" त्यांच्यात उपास करणाऱ्याची अशीच विचारपूस करतात. मला हसावं की रडावं कळेना. माझ्या घरात मेलेल्या उंदरांचा डबा, आणि ही बाई माझ्या जावयाला साधू करून बसली!

जाताना दारात थांबल्या. "एक बात पूछूँ? आजकल मच्छी हफ्ते में दो बार लाते हो क्या?"

मी नकळत नाक वर करून वास घेतला. "क्यूँ? बास आया?"

"मच्छी का बास तो कभी नहीं आया," त्या म्हणाल्या. "लेकिन नींबू का आता है ना! नींबू और हल्दी का बास आया, तो हमको समझ में आता है, आज बेन के घर मच्छी है। पहले रविवार को ही आता था, अभी बीच में भी आता है।"

"म्हणजे... इतने साल से आपको मालूम था? बोला क्यूँ नहीं?"

"क्या बोलना? आप हमारे लिए इतनी मेहनत करते हो।"

इतकी वर्षं ज्या बाईवर मनात राग धरला, तिनं माझ्या लिंबाचा वास ओळखला, त्यामागची माझी धडपडही ओळखली, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. काय बोलले आठवत नाही. धन्यवाद म्हटलं असेन, मराठीत म्हटलं असेन.

दार लावलं आणि मग डोक्यात घणाचा घाव बसावा तसं झालं. नींबू बीच में भी आता है. आठवड्याच्या मध्ये मी लिंबू कशाला लावत होते? उंदराला! साप डोळ्यांनी फारसं बघत नाही, जिभेनं वास घेऊन ओळखतो, हे पोरीनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. आणि मी त्या मेल्या उंदराचा वास मारून, हळदीत घोळवून त्याच्यापुढे ठेवत होते. त्या बिचाऱ्याला कळणार तरी कसं की हे जेवण आहे? त्यानं म्हटलं असेल, ही बाई मला लोणचं देतेय!

"अहो!" मी अशी ओरडले की हे बाल्कनीतून धावत आले. मी सगळं सांगितलं. लिंबू, हळद, धुणंपुसणं, सगळं. "तुमचा हात नाही हो. माझा होता. माझ्या हातानं उपाशी ठेवला त्याला."

वाटलं होतं चिडतील, चिडले असते तरी चाललं असतं. पण चेहरा तसाच. "असेल," म्हणाले. "पण हात तर हलतोच ना."

शनिवारी मी उंदीर नुसता कोमट केला. लिंबू नाही, हळद नाही. वास आला, चांगला सणसणीत आला, आणि इथे आल्यापासून पहिल्यांदा असा वास असताना मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली. यायचं त्याला येऊ दे. चिमटा ह्यांच्यापुढे धरला.

"तू धर."

"मी? मेले तरी धरणार नाही. उद्या तो वसईवाला येतोय. जायच्या आधी एक घास तरी पोटात जाऊ दे. तुमच्याशिवाय कोण आहे त्याला इथे?"

मग ह्यांनी चिमटा घेतला, उजव्या हातात. मी साडी बाजूला केली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हात पुढे गेला तशी थरथर वाढली. चिमट्याच्या टोकाला उंदीर असा तुरुतुरु हलायला लागला की मला क्षणभर वाटलं जिवंतच झाला. ह्यांनी डावा हात आणून उजवा आवळून धरायला घेतला.

"सोडा!" मी ओरडले. "धरू नका, हलू दे!"

कुंडीखालून नाक आलं. जीभ आली, गेली, आली. या वेळी ते डोकं आत गेलं नाही. मान हळूहळू मागे ओढली गेली, वाकली. थरथरणाऱ्या उंदरावरून त्याची नजर हलेना. आणि फाट! मला दिसलंसुद्धा नाही. चिमटा रिकामा, आणि जावईबापूंनी उंदराला वेढे घालून आवळलेलं.

तो पूर्ण गिळेपर्यंत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. मग मी बंगळुरूला फोन लावला. पोरीला आधी खरंच वाटेना.

"कसं काय खाल्लं? काय केलंत तुम्ही?"

मी फोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी तो उजव्या हातात घेतला. व्हिडिओवर चालू होता, त्यामुळे तिकडे पोरीला अख्खं घर हलताना दिसत असणार. आणि आमचे हे, ज्यांनी दोन वर्षं कोणासमोर तो हात खिशाबाहेर काढला नव्हता, ते हसत हसत मला म्हणाले,

"सांग तिला. तू बघितलंस ना, हात काय मस्त हलत होता!"